ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्वारकौशल्य (मोटारसायकल शर्यत)

मागच्या चाकाची पकड सुटू लागताच एंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. डांबरी धावमार्गावरच्या व्यावसायिक शर्यतींत, विशेषतः २००२ पासून मोटोजीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक ग्रां प्री मालिकेच्या वरिष्ठ गटात, ती रूढ झाली. शर्यत स्वार जिंकतो की त्याची गाडी, हा वाद तिच्यामुळे नव्याने पेटला, पण तो तिच्याहून बराच जुना आहे. जेफ ड्यूक यांनी १९५१ मध्ये नॉर्टनवर ५०० सीसी गटाचे विजेतेपद मिळवले आणि गिलेराच्या चार सिलिंडरी गाडीवर १९५३ ते १९५५ अशी सलग तीन वर्षे. त्या तिहींतले किती श्रेय जादा सिलिंडरांचे, हे आजही नेमके सांगता येत नाही.

उगम : रस्त्यावरच्या गाड्यांत होंडाने एसटी ११०० या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीवर १९९२ च्या सुमारास अशी यंत्रणा दिली होती. शर्यतीत ती प्रथम कोणी आणली याविषयी मात्र दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तिची सुरुवात दोन-स्ट्रोक ५०० सीसी गाड्यांच्या अखेरच्या दशकात धरावी. सुमारे १३० किलो वजनाच्या या गाड्यांत एंजिनाचा जोर एकदम उसळत असे. मागचे चाक बाजूला सरकून अचानक पकड घेई आणि स्वार गाडीवरून वर फेकला जाई. यालाच हायसाइड म्हणतात. त्यावर उपाय म्हणून खालच्या गिअरांत ठिणगी उशिरा पाडून जोर छाटण्याची पद्धत आली. होंडाने १९९२ मध्ये एनएसआर ५०० गाडीत ‘बिग बँग’ एंजिन वापरले. त्यात चारही सिलिंडरांतले स्फोट क्रँकच्या सुमारे ७० अंशांच्या फेऱ्यात उरकले जात. उरलेल्या फेऱ्यात टायरला पकड परत मिळवण्याची उसंत मिळते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते सर्वांना पटलेले नाही. होंडाचे स्वार मिक डूहान १९९७ मध्ये समान अंतराने स्फोट होणाऱ्या जुन्या ‘स्क्रीमर’ रचनेकडे परतले आणि त्या हंगामातल्या १५ पैकी १२ शर्यती त्यांनी जिंकल्या, ही गोष्ट त्या स्पष्टीकरणाच्या विरोधात सांगितली जाते. अर्थात डूहान यांनी बिग बँगवरही भरपूर जिंकले होते, त्यामुळे हा पुरावा दोन्ही बाजूंना थोडाथोडा उपयोगी पडतो.

दुसरे मत ही सुरुवात चार-स्ट्रोक ९९० सीसी गाड्यांपासून धरते. २००२ मध्ये एप्रिलियाने आरएस क्यूब गाडीत राइड-बाय-वायर थ्रॉटल (एंजिनाचा जोर कमीजास्त करणारी मूठ) आणले. त्यात मूठ आणि एंजिनाच्या हवा-झडपा यांना जोडणारी तार नव्हती, झडपा संगणकाच्या हुकमाने उघडत. त्याच वर्षी यामाहाने एम १ गाडीत थ्रॉटल मिटल्यावरचा एंजिन-ब्रेक, म्हणजे एंजिनामुळेच गाडीला बसणारा रोध, सौम्य करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक योजना केली. आरएस क्यूब चालवायला अवघड म्हणून गाजली आणि एकही शर्यत जिंकली नाही. तरीही नंतरच्या दहा वर्षांची दिशा तिच्यात दिसते. या नोंदीत दुसरे मत ग्राह्य धरले आहे. ठिणगी उशिरा पाडणाऱ्या जुन्या पद्धतीत चाक घसरते आहे की नाही हे यंत्राला कळतच नसे. गिअर कोणता, एवढ्यावरून जोर ठरे. घसर मोजणे आणि तिच्यानुसार जोर बदलणे ही ट्रॅक्शन कंट्रोलची खूण मानली, तर १९९० च्या दशकातले प्रयोग तिची पूर्वपीठिका ठरतात.

कार्यपद्धती : पुढच्या व मागच्या चाकाच्या वेगांतला फरक म्हणजे घसर, ही व्याख्या सरळ गाडीपुरती ठीक आहे. शर्यतीतली गाडी वळणावर ६० अंशांहून अधिक कलते, आणि मग हिशेब बिघडतो. कललेली गाडी टायरच्या कडेवर धावते. तिथे टायरची त्रिज्या मध्यापेक्षा कमी असल्याने गाडीचा वेग तोच राहूनही चाक अधिक फेरे घेते. पुढच्या व मागच्या टायरचा आकार निराळा असल्याने ही वाढही दोहींची सारखी नसते. म्हणून कलाचा कोन कळल्याशिवाय खरी घसर कळत नाही. तो कोन, गाडीचे पुढून उचलले जाणे आणि तिचे बाजूला वळणे हे सगळे जडत्वमापक टिपतो. पुढचे चाक हवेत असेल तर तुलनेला आधारच उरत नाही, तेव्हा यंत्रणेला अंदाजावर चालावे लागते.

घसर ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की जोर तीन प्रकारे कमी होतो : ठिणगी उशिरा पाडून, एखाद्या सिलिंडरची ठिणगी तोडून किंवा हवा-झडपा थोड्या मिटवून. पहिले दोन उपाय झटपट लागू होतात, तिसरा सावकाश पण मऊ असतो. घसर शून्यावर आणणे हा मात्र हेतू नसतो. थोडी घसर वेगाला हवीच असते आणि गाडी वळवायलाही तिचा उपयोग होतो. ती कोणत्या वळणावर किती असावी हे अभियंते सरावात ठरवतात आणि स्वार डाव्या हाताजवळच्या बटणांनी शर्यतीतच बदलतो, कारण टायर झिजत जातो. याच संगणकात पुढचे चाक उचलू न देणारी, एंजिन-ब्रेक सांभाळणारी आणि सुरुवातीच्या झेपेची नियंत्रणे असतात. अँटी-लॉक ब्रेक मात्र ग्रां प्री गाड्यांत नाहीत, त्यामुळे पुढचा ब्रेक सर्वस्वी बोटांवर राहतो. वादाच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे, तरी तिचा उल्लेख क्वचितच होतो.

यंत्रणेवरचे अवलंबित्व किती वाढले होते, हे २०१३ च्या आरागॉन शर्यतीत दिसले. मार्क मार्केस यांची गाडी सहकारी दानी पेद्रोसा यांच्या गाडीला ओझरती लागली. धक्का किरकोळ होता, पण त्यात पेद्रोसांच्या मागच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटली. संगणकाला घसर कळेना. पेद्रोसांनी थ्रॉटल उघडताच पूर्ण जोर चाकावर आला आणि ते हायसाइड होऊन पडले. या घटनेबद्दल मार्केस यांना एक दंडगुण मिळाला. उघड्यावर असलेल्या तारेसाठी होंडाचे उत्पादक गटातले त्या शर्यतीचे २५ गुण कापले गेले.

नियम : २००७ मध्ये एंजिन ८०० सीसीवर आले आणि इंधन २१ लिटरवर. कमी इंधनात शर्यत पुरी करायची तर थेंबाथेंबाचा हिशेब संगणकाकडे द्यावा लागला. लहान एंजिनामुळे वळणातला वेग वाढला, मागचे चाक सरकवत जाण्याची जुनी रीत तोट्याची ठरली. इलेक्ट्रॉनिक्सने शर्यती नीरस केल्या ही तक्रार मुख्यतः याच काळातली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण इंधनमर्यादा आणि टायर यांचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. २००९ पासून टायर एकट्या ब्रिजस्टोनचे होते. २०१२ मध्ये १००० सीसीची मुभा आली. २०१४ मध्ये सर्वांना मॅग्नेटी मारेली कंपनीचा संगणक सक्तीचा झाला, तरी कारखान्यांना आज्ञावली आपापल्या वापरता येत होत्या. २०१६ पासून आज्ञावलीही एकच झाली, त्याच वर्षी टायर मिशलँकडे गेले आणि २०१९ पासून जडत्वमापकही सामायिक झाला. त्या २०१६ च्या हंगामात नऊ वेगवेगळे स्वार जिंकले. नेदरलँड्समधल्या असेनच्या पावसात जॅक मिलर पहिले आले, तेव्हा कारखान्याच्या थेट संघाबाहेरच्या स्वाराचा २००६ नंतरचा तो पहिलाच विजय होता. श्रेय सामायिक आज्ञावलीला दिले जाते. नवे टायर आणि त्या हंगामातल्या ओल्या शर्यती पाहता ते निम्मेच द्यावे लागेल.

स्वार की यंत्र : सर्वाधिक चर्चा केसी स्टोनर यांची होते. २००७ मध्ये त्यांनी डुकाटीवर दहा शर्यती आणि विजेतेपद जिंकले. त्यांना संगणकाने जिंकवले, असे तेव्हा बरेच म्हणत. परंतु त्याच गाडीवर लोरिस कापिरोस्सी यांना त्या हंगामात एकच विजय मिळाला. पुढच्या वर्षी मार्को मेलांद्री तिच्यावर एकदाही पहिल्या तिघांत आले नाहीत, आणि २०११-१२ मध्ये व्हॅलेंतिनो रॉस्सी यांच्यासारख्या विजेत्याला डुकाटीवर एकही शर्यत जिंकता आली नाही. उलट स्टोनर २०११ मध्ये होंडावर गेले आणि तिथेही विजेते झाले. इलेक्ट्रॉनिक मदत कमी करावी, अशी जाहीर भूमिका त्यांनी अनेकदा मांडली होती. त्यांच्यावरचा आक्षेप आता मागे पडला आहे.

रॉस्सी यांचे उदाहरण दोन्हीकडे वापरले जाते. २००४ मध्ये ते होंडा सोडून यामाहावर आले, दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकॉमची पहिलीच शर्यत जिंकले आणि यामाहाला १९९२ नंतरचे पहिले वरिष्ठ विजेतेपद मिळाले. मात्र त्यांच्याबरोबर मुख्य तंत्रज्ञ जेरेमी बर्जेस आणि त्यांचे साथीदारही आले होते, हे विसरून चालत नाही. डुकाटीवर बर्जेस होतेच, तरी निकाल आला नाही. मार्केस २०२३ मध्ये होंडावर मुख्य शर्यतींत (शनिवारच्या छोट्या स्प्रिंट शर्यती सोडून) एकदाच पहिल्या तिघांत आले. २०२४ मध्ये डुकाटीच्या आदल्या वर्षीच्या गाडीवर त्यांनी तीन शर्यती आणि २०२५ मध्ये विजेतेपद जिंकले. २०२४ च्या २० मुख्य शर्यतींपैकी १९ डुकाटीने जिंकल्या, तेव्हा गाडीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. तरी त्या हंगामात डुकाटीच्या गाड्या आठ जणांकडे होत्या आणि विजेतेपद खोर्खे मार्तीन या बाहेरच्या संघातल्या स्वाराने नेले.

उत्पादक बदलून केलेल्या तुलनेपेक्षा एकाच गाडीवरच्या सहकाऱ्यांची तुलना अधिक विश्वासार्ह मानावी लागते. तिच्यावरून असे दिसते, की यंत्रणेने कौशल्य पुसले नाही, मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकवले. थ्रॉटलवरची नजाकत आज पूर्वीइतकी निर्णायक नाही. उशिरा ब्रेक दाबून, पुढच्या टायरच्या सीमेवर गाडी वळणात घालण्याला संगणकाची मदत नाही, आणि आजचे फरक तिथेच पडतात. मार्केस पुढून निसटलेली गाडी कोपर-गुडघ्याने सावरतात, ती याच टापूत.

ट्रॅक्शन कंट्रोल मुद्दाम वगळणाऱ्या मालिकांत ब्रिटिश सुपरबाइक ठळक आहे. २०१२ पासून तिथे मोटेक कंपनीचा सामायिक संगणक असून त्यात ही सोय नाही. शेन बर्न यांची सहा विजेतेपदे या बदलाच्या दोन्ही बाजूंना पसरली आहेत : दोन आधीची, चार नंतरची. ग्रां प्रीच्या मोटो३ या कनिष्ठ गटातही सामायिक संगणक आहे. या गटात मुंबईच्या महिंद्र समूहाच्या गाडीने २०१६ मध्ये असेनला शर्यत जिंकली. भारतीय उत्पादकाचा हा पहिला ग्रां प्री विजय असून स्वार होते फ्रांचेस्को बान्याया, जे २०२२ व २०२३ मध्ये मोटोजीपीचे विजेते झाले. भारतातली मोटोजीपी शर्यत सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, ती मार्को बेझेक्की यांनी जिंकली.

२०२७ पासून एंजिन ८५० सीसी होणार असून गाडीची उंची शर्यतीत खालीवर करणाऱ्या यांत्रिक उपकरणांवर पूर्ण बंदी येणार आहे. ट्रॅक्शन कंट्रोलवर मात्र बंदी नाही.