“मी छावणीत नव्हते”: हार्डशिप फंडाचा अर्ज कुठे अडतो

इस्रायलमधल्या अश्दोद शहरातल्या आमच्या इमारतीत निम्मी घरं रशियन बोलणाऱ्यांची आहेत, चार-पाच आपली बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंची. तळमजल्यावरच्या आजींचं टपाल वाचून दाखवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, आणि एकीचं वाचून दिलं की शेजारचे तिघे आपापली पाकिटं घेऊन येतात. हे मराठीत लिहितेय, कारण अशा म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या मेटापेलेतांमध्ये काही आपल्या मराठी मुलीही आहेत. घरात मुलं नसतील तर कागद शेवटी त्यांच्याच हातात येतात.

हे कागद हार्डशिप फंडाचे, म्हणजे नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंच्या भरपाईचे. पैसा येतो जर्मन सरकारकडून, तो वाटते क्लेम्स कॉन्फरन्स. ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली, आणि १९५२ च्या करारापासून ज्यू लोकांच्या भरपाईसाठी जर्मनीशी बोलणी करत आली. हार्डशिप फंड १९८० चा. त्यातून एकदाच २,५५६ युरो मिळतात, म्हणजे जुने पाच हजार मार्क. त्याशिवाय आता दरवर्षी पूरक रक्कम मिळते: २०२५ साठी १,३०० युरो, २०२६ साठी १,३५०, २०२७ साठी १,४००.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका गैरसमजाने. आजी म्हणतात, “मी छावणीत नव्हते, माझ्या हातावर नंबर नाही, मग मी कसली पीडित?” हार्डशिप फंड नाझींच्या छळछावणीत नसलेल्यांसाठीही आहे. नाझी फौजा येताहेत म्हणून घरदार टाकून पळालेले, मध्य आशियात ताश्कंद, अल्मा-अता इथे किंवा उरल पर्वताच्या पलीकडे उपाशीपोटी दिवस काढलेले लोक यात बसतात. त्या वेळी आईच्या पोटात असलेलं मूलही बसतं. गाव नंतर जर्मनांच्या ताब्यात गेलं नसलं तरी चालतं. जर्मन फौज जिथवर पोचली त्या रेषेपासून साधारण १०० किलोमीटरच्या आत ते असावं लागतं.

मात्र तारीख नीट बघा. सोव्हिएत भागातून निघाल्याची तारीख २२ जून १९४१ नंतरची हवी, कारण त्या दिवशी जर्मनीने हल्ला केला. “युद्ध सुरू झालं तेव्हा निघालो” एवढंच लिहिलं तर वाचणारा १९३९ धरू शकतो. महिना आठवत नसेल तर “१९४१ चा उन्हाळा, बॉम्बहल्ला सुरू झाल्यावर” असं लिहा. पण लिहा.

आता त्या कागदाबद्दल, जो कोणाकडेच नसतो: पळून गेल्याचा पुरावा. बॉम्ब पडत असताना पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मालगाडीत चढलेल्या बाईने त्या प्रवासाचा कागद ऐंशी वर्षं जपलेला असावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पण पुरावा मागितला जातो, तेव्हा वाट शोधावी लागते. आमच्या आजी युक्रेनमधल्या विन्नित्साच्या, जन्म १९३६. त्यांचा फॉर्म एका ओळखीच्याने भरून दिला होता. पाठवण्याआधी मी तो पाहिला, तर जन्मस्थानाच्या रकान्यात ताश्कंद! झालं असं की मूळ जन्मदाखला पळापळीत हरवला आणि १९४४ मध्ये शाळेसाठी ताश्कंदमध्ये दुसरा काढला. भरणाऱ्याने खालचा शिक्का वाचून तेच गाव लिहिलं. कागद घडीवर फाटायला आलेला, जांभळी शाई उडालेली. भिंगाने पाहिलं तेव्हा वरच्या ओळीत “विन्नित्सा” दिसलं. ताश्कंदमध्ये जन्मलेली मुलगी कोणापासून पळाली, असं विचारून तो अर्ज कोणीही बाजूला ठेवला असता.

खरं तर तोच दाखला आजींचा पुरावा ठरला. जन्म विन्नित्साचा, आणि १९४४ मध्ये मूल ताश्कंदमध्ये. त्याला जोड मिळाली त्यांच्या आईच्या कामगार पुस्तिकेची. त्यात १९४२ मध्ये ताश्कंदच्या गिरणीत लागल्याची नोंद होती. म्हणून आजींचे स्वतःचे कागद नाहीत म्हणून थांबू नका. आईची कामगार पुस्तिका, वडिलांची सैन्यातली कागदपत्रं, शाळेचा दाखला, पाठीवर तारीख असलेला फोटो, सगळं काढा. भावाला किंवा बहिणीला आधी मंजुरी मिळाली असेल तर त्यांचा फाइल नंबर अर्जात जरूर द्या. नावांचा शोध नाझी छळाच्या नोंदी जपणाऱ्या अरोल्सेन आर्काइव्ह्जमध्ये फुकट घेता येतो. आणि काहीच सापडलं नाही तरी हकिकत सविस्तर लिहून अर्ज पाठवाच.

दुसरी अडचण नावाची. रशियन दाखल्यात येव्गेनिया, घरी झेन्या, इस्रायलच्या ओळखपत्रावर शोशाना, वर लग्नाआधीचं आडनाव वेगळं. आपल्याकडे सासरचं-माहेरचं नाव बदलल्यावर जी धावपळ होते, तीच. सगळी नावं फॉर्ममध्ये लिहा आणि लग्नाचा दाखला सोबत जोडा. जन्मतारखा जुळत नसतील तर एका ओळीत कारण द्या. गप्प राहिलात तर शंका येते.

बाकी ओळखपत्राची प्रत, बँक खात्याचा तपशील (खात्यावर अर्जदाराचं स्वतःचं नाव हवं) आणि सही, एवढं लागतं.

आधीच नाझी छळाबद्दल मासिक निवृत्तिवेतन मिळत असेल, उदाहरणार्थ क्लेम्स कॉन्फरन्सच्याच आर्टिकल २ फंडातून, तर ही पूरक रक्कम मिळत नाही. जर्मनांनी घातलेल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात निदान तीन महिने काढलेल्यांनी मात्र मासिक रकमेची चौकशी करावी. ती वाट २०२१ मध्ये खुली झाली, सुरुवातीची रक्कम महिना ३७५ युरो होती. त्याला उत्पन्नाची अट आहे.

पूरक रकमेची मुदत दरवर्षी ३१ डिसेंबर. लोक समजतात, यंदाचं राहिलं तर पुढच्या वर्षी दोन्ही मिळून घेऊ. तसं होत नाही. त्याहून मोठी गोष्ट सांगते, बोलायला जड जाते तरी: अर्ज माणूस जिवंत असतानाच व्हायला हवा. अर्जाआधी ते गेले तर मुलांना त्यांच्या नावाने अर्ज करता येत नाही. “पेसाखनंतर (वसंतातल्या ज्यू सणानंतर) बघू” म्हणणारे दोघं माझ्या डोळ्यांसमोर गेले.

अर्जाला एक पैसा लागत नाही. वकील नको, दलाल नको. कोणी टक्केवारी मागितली तर फॉर्म परत घ्या. आपल्या बेने इस्रायली आजोबांनाही कोणी सांगतं की तुम्हीही ज्यू, तुमचेही युरो अडकलेत. नाहीत हो. अलिबाग-पेणला नाझी आले नव्हते, तेव्हा हा फंड आपला नाही. हातातली पुंजी अशा माणसाला देऊ नका.

आजींचे नातेवाईक अजून युक्रेन, मोल्दोव्हा किंवा रशियात असतील तर २०१२ पासून तेही हार्डशिप फंडात बसतात. अन्न, औषधं आणि घरी मदतनीस यांसाठी तिथल्या हेसेद या ज्यू मदत केंद्रात जावं लागतं. ही केंद्रं १९१४ मध्ये स्थापन झालेल्या जॉइंट या ज्यू मदतसंस्थेने १९९० च्या दशकात उभी केली. तिथे दोन पिशव्या आहेत: नाझीपीडित ठरलेल्यांसाठी क्लेम्स कॉन्फरन्सचा पैसा, आणि बाकीच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी देणगीचा, जो कमी पडतो. म्हणून तिथेही आधी पीडित म्हणून नोंद होते का ते विचारा.

मंजुरीनंतरही एक काम राहतं: हयातीचा दाखला. गावाकडे पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात द्यावा लागतो तसाच. तो परत गेला नाही की पैसे थांबतात, आणि आजींना वाटतं आपलं नाव कापलं. पाकीट आलं की त्याच आठवड्यात सही-शिक्का करून पाठवा, आणि प्रत फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवा, पुढच्या मेटापेलेतला दिसेल अशी.