मानव विकास निर्देशांकात साक्षरता मोजतात? आता नाही!

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून एक वाक्य हमखास सापडतं: ‘मानव विकास निर्देशांक म्हणजे आयुर्मान, साक्षरता आणि दरडोई जीडीपी यांची सरासरी.’ एकेकाळी हे बरोबर होतं. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने 1990 साली देशांची प्रगती मोजणारा हा संयुक्त राष्ट्रांचा निर्देशांक आला, तेव्हा साक्षरता त्यात होती. 2010 मध्ये ती काढली.

का काढली, ते आपल्याकडे लगेच उमगतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबातला पोरगा चौथीत शाळा सोडतो. सही येते, पेपर वाचतो, म्हणजे तो साक्षर. त्याची बारावी झालेली चुलतबहीणही साक्षरच. टक्केवारीत दोघं सारखेच! म्हणून आता दोन गोष्टी पाहतात: पंचविशी ओलांडलेल्यांनी सरासरी किती वर्षं शाळा केली, आणि आज शाळेत पाऊल टाकणारं लेकरू किती वर्षं शिकेल. जीडीपीऐवजी दरडोई राष्ट्रीय उत्पन्न आलं, लॉगरिदम (आकडा वाढेल तशी प्रत्येक जादा रुपयाची किंमत घटवणारं गणित) मात्र पूर्वीसारखाच घेतात; गरिबाच्या हातात पडलेल्या जादा हजाराचं मोल श्रीमंताच्या हजारापेक्षा मोठं, एवढाच त्यामागचा विचार.

आणि ‘सरासरी’ हीसुद्धा साधी बेरीज-भागाकाराची राहिली नाही. आता गुणोत्तरीय मध्य काढतात, म्हणजे तिन्ही आकडे गुणून त्यांचं घनमूळ घेतात. 0 ते 1 च्या मापात आरोग्य 0.8, उत्पन्न 0.8, शिक्षण 0.2 असेल, तर जुन्या रीतीने 0.6 आलं असतं. नव्या रीतीने जेमतेम 0.5. पैशाने शिक्षणाची उणीव पूर्वीइतकी झाकता येत नाही.