स्टिल लेन्स सिने कॅमेऱ्यावर : काही मिलिमीटरांचा इतिहास

ऑस्कर बार्नाक यांनी लायट्स कंपनीत छोटा कॅमेरा घडवला तेव्हा त्यात सिनेमाचीच ३५ मिमी फिल्म घातली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ती उभी सरकते आणि चौकट १८ × २४ मिमीची पडते. बार्नाक यांनी फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली : २४ × ३६ मिमी, म्हणजे नेमके दुप्पट क्षेत्रफळ. १९२५ साली लायका बाजारात आला आणि हे माप रूढ झाले. पुढचे सगळे याच मापातून निघाले आहे. ३५ मिमी स्टिल कॅमेऱ्याची लेन्स ४३.३ मिमी व्यासाचे वर्तुळ भरते. सिनेमाच्या चौकटीचा कर्ण ३० मिमीच्या आसपास. त्यामुळे स्टिल लेन्सची काच सिनेमाला कधीच अपुरी नव्हती. अडचण आली ती काचेमागच्या माउंटची (लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडतात तो भाग) आणि काचेभोवतीच्या रिंगांची.

माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर म्हणजे फ्लँज अंतर. लेन्स याच अंतरासाठी बनवलेली असते. सिने कॅमेऱ्याच्या पीएल माउंटचे अंतर ५२ मिमी आहे, कारण फिल्मच्या जमान्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाचे शटर सतत फिरत असे आणि त्याला जागा लागे. स्टिल एसएलआरचा (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या फोटो कॅमेऱ्याचा) आरसा फोटो घेताना वर उचलला जातो, म्हणून तिथे कमी अंतरात भागले : लायका आर ४७, निकॉन एफ ४६.५, कॉन्टॅक्स-याशिका ४५.५, एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, कॅनन ईएफ ४४, कॅनन एफडी ४२ मिमी. लेन्सचे अंतर कॅमेऱ्यापेक्षा जास्त असेल तर फरकाएवढ्या जाडीची रिंग मध्ये घालून काम होते. कमी असेल तर लेन्स कॅमेऱ्याच्या आत शिरल्याशिवाय अनंतावर फोकस होत नाही. यादीतली एकही लेन्स ५२ मिमीच्या पलीकडे नाही. म्हणजे पीएल कॅमेऱ्यावर साध्या रिंगने ३५ मिमी स्टिल लेन्स बसतच नाही.

तरीही कुणी हट्ट धरला तर कॅमेराच कापावा लागे. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’साठी स्टॅन्ली कुब्रिक यांनी झाइसची ५० मिमी एफ/०.७ लेन्स वापरली (एफ आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). ती मुळात नासासाठी बनवलेली स्थिरचित्रणाची लेन्स होती. तिच्या आतले शटर काढावे लागले आणि कॅमेरातज्ज्ञ एड डिज्युलिओ यांनी मिचेल बीएनसी कॅमेऱ्याचा पुढचा भाग यंत्रावर घासून बदलला, कारण लेन्सची मागची काच फिल्मपासून जेमतेम ४ मिमीवर येत होती. असे फेरफार मोठ्या निर्मात्यालाच परवडत.

छोट्या निर्मात्यांची वाट वेगळी होती. २००२ मध्ये पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० हा व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी घेऊ लागला, पण त्याचा सेन्सर १/३ इंची होता आणि पार्श्वभूमी धूसर होत नसे. म्हणून कॅमेऱ्यापुढे घासलेल्या काचेचा पडदा असलेला ॲडाप्टर आला. स्टिल लेन्सची प्रतिमा त्या काचेवर पडे आणि व्हिडिओ कॅमेरा ती काच चित्रित करी. काचेचे कण दिसू नयेत म्हणून ती फिरवत किंवा कंप पावत ठेवत. प्रकाश बराच खाल्ला जाई, कडा काळवंडत, चित्र उलटे दिसे. एवढे सोसूनही लोक ते वापरत होते, कारण जुन्या निकॉन लेन्सचा संच सिने लेन्सच्या भाड्याच्या मानाने फार स्वस्त होता.

२००७ चा रेड वन हा डिजिटल सिने कॅमेरा ‘सुपर ३५’ आकाराच्या, म्हणजे ३५ मिमी सिनेमाच्या चौकटीएवढ्या, सेन्सरसह आला आणि त्याचे माउंट बदलता येत होते. निकॉन माउंटही मिळे. डिजिटल कॅमेऱ्यात फिरता आरसा नसतो, तेव्हा ५२ मिमीचे बंधन केवळ जुन्या लेन्ससाठी उरले होते. पुढच्याच वर्षी निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ यांनी स्टिल कॅमेऱ्यालाच सिने कॅमेरा केले. ५डी सुरुवातीला व्हिडिओत ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) स्वतःच ठरवत असे. त्यावर उपाय म्हणून अनेकांनी २.५ मिमीची रिंग लावून त्यावर निकॉनच्या जुन्या लेन्स चढवल्या. त्या लेन्सना ॲपर्चरची रिंग असते आणि ती कॅमेऱ्याचे ऐकत नाही. जून २००९ च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या आज्ञावलीने) हाती नियंत्रण दिले आणि २४ व २५ चौकटी मार्च २०१० मध्ये मिळाल्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने २५ चौकटी व १/५० शटर हीच लुकलुक टाळणारी सोपी जोडी ठरते. २०११ चा ‘स्टॅन्ली का डब्बा’ कॅनन ७डीवर चित्रित झाला. त्याचा सेन्सर २२.३ मिमी रुंद, सिनेमाच्या चौकटीच्या जवळचा.

ॲडाप्टरची जाडी चुकली की काय होते, हे आकड्यांतच बघावे. रिंग ०.०५ मिमी जास्त जाड असेल तर २४ मिमी लेन्स अनंतावर फिरवूनही फोकस सुमारे ११.५ मीटरवरच अडते. १८ मिमीची ६.५ मीटरवर. ८५ मिमी लेन्सला तीच चूक १४० मीटरच्या पुढे जाऊन भोवते, म्हणजे सेटवर कळतही नाही. म्हणून ॲडाप्टर नेहमी सर्वात रुंद कोनाच्या लेन्सवर, दूरच्या इमारतीच्या रेघांवर तपासावा. स्वस्त ॲडाप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात. त्यामुळे अनंत गाठता येते, पण अंतराच्या खुणा खोट्या पडतात आणि फोकस पुलरने (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाने) टेपने मोजलेले अंतर कामाचे राहत नाही. पातळ शिम (धातूची चकती) घालून हे दुरुस्त होते.

दुसरी अडचण पकडीची. पीएल माउंट बाहेरच्या कड्याने आवळले जाते. ईएफ माउंट स्प्रिंग आणि पिनवर टिकते, त्यात किंचित खेळ असतो. मोटरने फोकस रिंगला झटका दिला की अख्खी लेन्स हलते आणि चित्र उडी मारते. लेन्सखाली आधार लावला आणि गिअर फार आवळून भिडवला नाही तर हे बरेच कमी होते.

रिंगांचे दुखणे मात्र लेन्सच्या जन्मापासूनचे आहे. ऑटोफोकस लेन्सची रिंग बहुधा पाव फेऱ्याच्या आतच संपते आणि तीन मीटरपासून अनंतापर्यंतचा सगळा पल्ला काही मिलिमीटरांत उरकतो. सिने लेन्सची रिंग एकूण ३०० अंशांच्या आसपास फिरते. जुन्या हाताच्या लेन्स अधिक फिरतात, पण फोकस करताना लांबतात. रिंगच पुढे सरकते आणि मोटरचा दात निसटतो, म्हणून गिअरपट्टी रुंद लावावी, ०.८ मॉड्यूलची (सिने गिअरच्या दातांचे नेहमीचे माप). निकॉन उलट दिशेने फिरते, हे संच मिसळताना विसरू नये. एफ आकडा गणिती असतो, काचेत हरवलेला प्रकाश तो सांगत नाही. म्हणूनच दोन एफ/२ लेन्स लावून घेतलेले शॉट उजेडाला जुळत नाहीत, प्रत्यक्ष पोचणारा प्रकाश मोजणारा टी आकडा लागतो. निकॉनच्या जी मालिकेला तर ॲपर्चरची रिंगच नाही.

या उणिवांतून सुधारणेचा धंदा उभा राहिला. ॲपर्चरच्या टकटकीमागची स्टीलची गोळी किंवा पट्टीसारखी स्प्रिंग काढायची, फोकसला गिअर बसवायचा, पुढे ८० मिमीची रिंग चढवायची. अमेरिकेतल्या ड्यूक्लॉस लेन्सेसने हे काम नावारूपाला आणले. झाइसने स्वतःच २००६ पासूनच्या झेडएफ मालिकेच्या काचा एकसारख्या धातूच्या घरात बसवून २०१० मध्ये कॉम्पॅक्ट प्राइम सीपी.२ काढल्या : ११४ मिमी पुढचा व्यास, बऱ्याच लेन्सवर टी २.१. सिने कॅमेरे बनवणाऱ्या आरी कंपनीने २०१४ च्या ॲलेक्सा ६५ साठी हॅसलब्लाडच्या स्टिल लेन्सच्या काचा वापरल्या. घरी सुधारणा करायची असेल तर निकॉनच्या जुन्या लेन्स बऱ्या, कारण २४ मिमी एफ/२.८ पासून १०५ मिमी एफ/२.५ पर्यंत बऱ्याच लेन्सचा फिल्टर ५२ मिमीचाच आहे, म्हणजे पुढे एकाच मापाची रिंग चालते. विकत घेण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमटपणाने काचेवर बुरशीची जाळी धरते, आणि ती कोटिंगमध्ये उतरली की पुसून जात नाही.

जानेवारी २०१३ मध्ये मेटाबोन्सने स्पीड बूस्टर आणला. मोठे प्रतिमावर्तुळ ०.७१ पटीने आवळणारी ही काच लेन्समागे बसते. लहान सेन्सरवर हरवलेला रुंद कोन परत मिळतो आणि प्रकाश एक स्टॉप वाढतो, म्हणजे दुप्पट होतो, एफ/२.८ ची लेन्स एफ/२ सारखी वागते. पण तिला जागा हवी, म्हणून ती १८ मिमीचे सोनी ई आणि १९.२५ मिमीचे मायक्रो फोर थर्ड्‌स अशा आखूड माउंटवरच रुजली.

२०१७-१८ मध्ये सोनी व्हेनिस, रेड मॉन्स्ट्रो आणि आरी ॲलेक्सा एलएफ आले आणि सिने सेन्सर २४ × ३६ च्या जवळ पोचला. या सिने कॅमेऱ्यांवर स्टिल लेन्सना त्यांच्या मूळ मापाची चौकट मिळाली. कोपऱ्यांतला अंधार आणि ताण, जे सुपर ३५ ने कापून टाकले होते, तेही दिसू लागले. याच वेळी आरीने नवे एलपीएल माउंट केले : ६२ मिमी व्यास, ४४ मिमी फ्लँज. जुन्या पीएल लेन्ससाठी ८ मिमीची रिंग पुरते. पण ईएफचे अंतरही नेमके ४४ आहे, मध्ये जागा शून्य. त्या कॅमेऱ्यावर ईएफ लेन्स लावायची तर स्क्रू काढून पुढचे माउंटच बदलावे लागते.