मेटलचं गाणं म्हणजे आरडाओरडा नव्हे

‘हेवी मेटलला गळा लागत नाही, घसा ताणून ओरडलं की झालं,’ हे हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताबद्दल वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. मेटल गायक रॉनी जेम्स डिओ लहानपणी ट्रम्पेट वाजवायचा. तिथे कमावलेला दमसास त्याच्या लांब सुरांत ऐकू येतो. १९७९ मध्ये तो ब्लॅक सबाथमध्ये आला आणि बँडचा बाजच पालटला. गिटार मात्र तीच, टोनी आयोमीची! ‘ग्राउल’ या गुरगुरत्या मेटल गायकीतसुद्धा स्वरतंतूंच्या वरच्या मांसल घड्या कंप पावतात आणि जोर असतो तो नीट भरलेल्या, आवरून सोडलेल्या श्वासाचा. नुसता घसा खरवडणाऱ्याचा आवाज लवकरच बसतो. आयर्न मेडन या मेटल बँडने १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सनला गायक म्हणून घेतलं. पुढच्याच वर्षी त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्यांदा अव्वल ठरला.