लग्नचौक (वारली)

लग्नचौक म्हणजे वारली आदिवासींच्या घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात ते चित्र. त्याच्या सोबतीला देवचौकही असतो. पालघर जिल्ह्यातले डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शिवाय दादरा नगर हवेली आणि दक्षिण गुजरात, या सगळ्या पट्ट्यात वारली लोक राहतात. वारली पेंटिंग म्हटलं की आपल्याला तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती गोल नाचणारी माणसं आठवतात, कुर्त्यावर आणि मगवर तीच असतात ना, पण मूळ चित्र हा चौक आहे आणि तो शोभेसाठी नाहीच, चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

चौक काढायचा मान सवाशिणींचा. कुडाची भिंत शेणमातीने लिंपायची, वर गेरू द्यायचा, तांदूळ भिजवून वाटून पांढरं करायचं, बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की झाला ब्रश. सामान एवढंच.

मधे चौकट, तिच्या कडेने नक्षीचे पट्टे, आत पालघट देवी. ही झाडाझुडपांची, पिकाची, पोराबाळांची, एकूण वाढीचीच देवी, म्हणून नव्या संसाराला तिचीच गरज. आजूबाजूला चंद्र, सूर्य, झाडं, फणी, शिडी, घोड्यावर नवरानवरी. देवचौकात पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. माणूस काढायचा म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. गोल चंद्रसूर्यावरून आला आणि त्रिकोण डोंगर-झाडांवरून असं सांगतात, पण चौकोन रानात कुठे दिसत नाही, तो माणसाने आखलेला, जमिनीचा एखादा तुकडा पवित्र म्हणून वेगळा काढावा तसा. चौकातली सगळी मेख मला त्या चौकोनातच वाटते. तो देवीला बसायला घातलेला पाट आहे, देवीचा फोटो नव्हे. बायका रेघा ओढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत देवांना लग्नाला बोलावते, आणि हे सगळं चालू असताना ती भिंत देवघर होते. ध्यान, साधना हे शब्द आपले झाले, पण मन एका जागी आणायचं काम इथे हातच करतो, आणि ते काढताना होतं, नंतर बघताना नाही. आपल्याकडच्या चैत्रांगणात थोडं असंच असतं, फक्त ते अंगणात आणि रांगोळीने.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामासाठी कागद घेऊन या पाड्यांवर आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात त्यांनी मिथिलेतल्या बायकांनाही कागद दिला होता, तिथलं कोहबर हे चित्रही लग्नघरातलं, भिंतीवरचं आणि बायकांचंच, हा योगायोग भारी आहे. पण डहाणूत नाव झालं ते एका पुरुषाचं, जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८). लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणंच सोडलं, काय सांगायचं ते धुळीत चित्र काढून सांगायचे. पुढे त्यांनी मासेमारी, शेती, तारपा नाच, लोककथा असं सगळं कागदावर-कापडावर आणलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागून पुष्कळ पुरुष चित्रं काढायला लागले.

कागदावर आल्याने लोकांना चार पैसे मिळाले, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. तरी पालघट देवीचा चौक टेबलक्लॉथवर छापलेला बघितला की मला जरा कसंतरी होतं, कारण तिच्यावर मग वरणाचं पातेलं ठेवतात. भिंतीवरचा चौक काही कुणी जपून ठेवत नाही, लग्न झालं, चुलीचा धूर बसला, पावसाची ओल आली की तो पुसट होत जातो, कधीतरी त्यावरून परत लिंपतात, आणि पुढच्या लग्नाला बायका पुन्हा तांदूळ भिजवतात.