आभा निघालं, पण रिपोर्ट कुठे आहेत?

आभा कार्ड काढलं की जुने सगळे रिपोर्ट मोबाइलवर दिसू लागतील, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, आरोग्याच्या नोंदींसाठीचा १४ अंकी ओळख क्रमांक. नोंदी राहतात त्या त्या हॉस्पिटलच्या आणि लॅबच्या संगणकातच. तुम्ही जोडून घेतल्या तरच त्या ॲपमध्ये येतात. कार्ड काही मिनिटांत निघतं, वेळ जातो तो या जोडणीत.

भारतात राहणाऱ्या कोणालाही आभा काढता येतं. उत्पन्नाची अट नाही, फी नाही आणि सक्तीही नाही. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. त्याची आणि आभाची नेहमी गल्लत होते.

कागदपत्र म्हणाल तर आधार पुरतं, मात्र त्याला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो. ते सिम बंद पडलं असेल, तर आधी आधारमधला नंबर बदलून घ्या. ड्रायव्हिंग लायसन्सवरही अर्ज होतो, पण मग पडताळणीसाठी केंद्रावर जावं लागतं.

आभाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा आभा ॲपमध्ये आधार क्रमांक टाका, संमतीवर खूण करा, ओटीपी भरा. त्यानंतर आभा पत्ता, म्हणजे ईमेल आयडीसारखं स्वतःचं नाव, निवडायचा. तो ८ ते १८ अक्षरांचा हवा. त्यात एक टिंब आणि एक अंडरस्कोअर चालतो, पण सुरुवातीला किंवा शेवटी नाही.

आता जोडणी. ॲपमध्ये हॉस्पिटलचं नाव शोधा. ते आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, म्हणजे आभा ज्या सरकारी योजनेचा भाग आहे तिच्यात, नोंदलेलं असेल तरच सापडेल. मग नाव, लिंग, जन्मसाल आणि मोबाइल नंबर हॉस्पिटलच्या नोंदीशी ताडून पाहिले जातात, आणि गाडी इथेच अडते. केसपेपर काढताना मुलाचा नंबर दिलेला असतो, वय अंदाजे सांगितलेलं असतं, आधारवर ‘सुनीता’ तर केसपेपरवर ‘सुनिता’. अशा वेळी ॲपमध्ये पुन्हा पुन्हा शोधण्यात अर्थ नाही. नोंदणी खिडकीवर जुना केसपेपर दाखवा आणि त्याच जुन्या नोंदणी क्रमांकाला आभा जोडायला सांगा. नवा क्रमांक पडला तर जुने रिपोर्ट जुन्या क्रमांकाखालीच राहतात. पुढच्या वेळी ओपीडीतला क्यूआर कोड आभा ॲपने स्कॅन करा. नाव-वय आभातून थेट जातं आणि टोकनही मिळतं.

दुसऱ्या डॉक्टरांना नोंदी पाहायच्या असतील तर ॲपवर संमतीची विनंती येते. कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि संमती कधीपर्यंत, हे वाचूनच होकार द्या. दिलेली संमती मागेही घेता येते. अडचण आली तर मदतीचा नंबर १४४७७.

हॉस्पिटल या व्यवस्थेत नसेल, तर कागद मागून घ्या आणि स्कॅन करून ॲपमध्ये स्वतःच चढवा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षं जपण्याचं बंधन आहे, आणि ही वर्षं मोजतात उपचार सुरू झाल्यापासून, डिस्चार्जपासून नव्हे. म्हणून लांबवू नका. अर्जात दाखल झाल्याची तारीख आणि आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक) लिहा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. ७२ तास कधी सुरू झाले, याचा तोच पुरावा.