फोटो हललाय की फोकस चुकलाय?

गेल्या दिवाळीत मी आजीचा एक फोटो काढला. तिन्हीसांजेची वेळ, ओटीवर बसून आजी पणत्या लावतेय, अंगावर ठेवणीतलं नऊवारी, पणतीकडे जरा पुढे वाकलेली. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची स्क्रीनवर फोटो इतका झकास दिसला की मी तो लगेच घरभर मिरवून आणला. रात्री लॅपटॉपवर उघडला आणि तोंडच उतरलं. आजीचे डोळे धुरकट. पापण्यांचा पत्ता नाही.

हौशी फोटोग्राफरांच्या आमच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि विचारलं, “ब्लर का आलाय?” दहा मिनिटांत पाच उत्तरं. हात हलला. शटर स्पीड वाढव. ट्रायपॉड घे. या लेन्सला स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरून घेणारी सोय, नाही, ते असलेली घे. शेवटच्याने तर कॅमेराच बदलायला सांगितला. सगळे माझ्यापेक्षा जास्त जाणणारे, म्हणून मी मुकाट्याने ट्रायपॉड आणला. भाऊबीजेला आजीला पुन्हा तिथेच बसवलं, श्वास रोखून बटण दाबलं. फोटो पुन्हा तसाच.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ग्रुपमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. बाकीच्यांनी उत्तर दिलं होतं, काकांनी उलट मलाच विचारलं. “फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि एवढंच सांग, अख्ख्या फोटोत एखादी तरी गोष्ट शार्प आहे का?”

होती. आजीच्या खांद्यावरचा पदराचा काठ. झूम करून पाहिलं तर जरीचा एकेक धागा मोजून घ्यावा इतका स्वच्छ.

“मग फोटो हललेला नाहीये,” काका म्हणाले. “फोकस चुकलाय. तुझ्या हाताचा काही दोष नाही. ट्रायपॉड ठेव, पुढे उपयोगी पडेल.”

आपण हल्ली या दोन्हीला ‘ब्लर’ म्हणून मोकळे होतो. रोल धुऊन आणायचे त्या काळी स्टुडिओवाला पाकीट हातात देताना “यातले दोन हललेत” असं नेमकं सांगायचा. शब्द एक झाला आणि दुखणीही एकच वाटायला लागली. फोनच्या स्क्रीनवर तर ती दिसतातही अगदी सारखी.

फोटो हलतो म्हणजे काय होतं? शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, उघडं असतानाच कॅमेरा सरकतो. कॅमेरा सरकला की चौकटीतलं जवळचं, लांबचं, माणूस, भिंत, तुळस, सगळं एकाच दिशेने पुसल्यासारखं होतं. त्यातून कुणी सुटत नाही. फोकस चुकण्याचं तंत्र निराळं. लेन्स एका वेळी एकाच अंतरावरची गोष्ट नेमकी टिपते. कॅमेऱ्यासमोर काचेचं एक तावदान उभं धरलंय अशी कल्पना करा. त्या तावदानावर जे येईल ते शार्प, पुढे-मागे जाल तसतसं मऊ होत जातं. फोकस चुकला म्हणजे तावदान नाहीसं झालं असं नाही, ते भलत्या जागी उभं राहिलं. माझं तावदान आजीच्या डोळ्यांऐवजी चारपाच बोटं मागे, खांद्यावर जाऊन थांबलं होतं. म्हणून काकांचा तो प्रश्न. कुठे ना कुठे काहीतरी शार्प सापडलं तर फोकसकडे बघायचं. कुठेच काही सापडलं नाही तर बहुतेक हात.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कळलं नसतं. काकांनी मग करूनच बघायला लावलं. बाल्कनीत आकाशकंदील आणि लायटिंगची माळ अजून होतीच. “माळेचे दोन फोटो काढ. एक मुद्दाम हात हलवून, शटर अर्ध्या सेकंदावर ठेवून. दुसरा मॅन्युअल फोकस करून, फोकस मुद्दाम जवळ आणून. मग दोन्ही शेजारी ठेव.”

ठेवले. पहिल्या फोटोत प्रत्येक दिव्याला शेपूट आलं होतं, आणि गंमत म्हणजे सगळी शेपटं एकाच वळणाची. वर जाऊन डावीकडे कलणारी, एखाद्याने घाईत सही करताना मारलेल्या फराट्यासारखी. ती माझ्या हाताचीच सही होती म्हणा ना. दुसऱ्या फोटोत एकही शेपूट नाही. प्रत्येक दिव्याची गोल टिकली झालेली, कडा बऱ्यापैकी आखीव. फिफ्टी एमएम लेन्सने मागे असे फुगे आले की आपण ‘बोके’ म्हणून खूश होतो, तेच हे. पार्श्वभूमीवर पडले की शोभा, चेहऱ्यावर पडले की चूक.

तेव्हापासून कुठलाही धुरकट फोटो समोर आला की मी चेहरा बघतच नाही. आधी चमकणारा बारीक ठिपका शोधते. डोळ्यातलं प्रकाशाचं प्रतिबिंब, नाकातली चमकी, पानावरचा थेंब, स्टीलच्या पेल्याची कड. ठिपक्याची रेघ झाली असेल तर हलला, टिकली झाली असेल तर फोकस.

फोटो डॉक्युमेंट म्हणून का मागवला, तेही सांगते. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो लहान होतो आणि त्याच्या पोटातली एक्झिफ माहिती गळून पडते. शटर किती (किती वेळ उघडं होतं), अपर्चर किती (लेन्सचं तोंड किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ किती (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), लेन्स कुठल्या फोकल लेंग्थवर होती (ती किती लांबचं जवळ ओढते त्याचा मिमीतला आकडा), सगळं त्या माहितीत असतं. माझ्या फोटोत होतं एफ १.८, १/२०० सेकंद, आयएसओ १६००, लेन्स ५० मिमी. फिल्मच्या ३५ मिमी कॅमेऱ्यांपासूनचा एक जुना ठोकताळा आहे, की हातात धरून काढायचं तर शटर निदान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ तरी हवं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी फोटो टिपणारा भाग, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, दीडपट क्रॉपचा, म्हणून ५० मिमी ती ७५ धरायची. म्हणजे १/८० च्या आसपास चाललं असतं, आणि माझं होतं १/२००. हात हलल्याचा आरोप तिथेच निकाली निघाला असता. पण पाच उत्तरांपैकी एकानेही आकडे विचारले नव्हते. विचारायला वेळ लागतो, आणि तोवर चार जणांची उत्तरं येऊन पडलेली असतात.

त्या पाच जणांना मी मूर्ख म्हणत नाहीये. शटर वाढवणं, म्हणजे ते कमी वेळ उघडं ठेवणं, हे हललेल्या फोटोवरचं अगदी बरोबर औषध आहे. पण ते चुकीच्या रोग्याला दिलं तर काय होतं ते बघा. संध्याकाळी शटर वाढवायचं तर उजेड कुठून तरी आणावा लागतो. एक तर आयएसओ चढवायचा, नाहीतर अपर्चर आणखी उघडायचं. अपर्चर उघडलं की ते तावदान आणखी पातळ होतं. एफ १.८ ला, मीटरभर अंतरावरून, माझ्या कॅमेऱ्यावर त्याची जाडी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर भरते. त्याहून मोठ्या अपर्चरची लेन्स घेतली असती (ग्रुपमध्ये तोही सल्ला पुढे आलाच) तर आजीचे डोळे मिळणं अजून कठीण झालं असतं, तेही पदरचे पैसे मोजून.

उलट बाजूनेही तेच. फोकस चुकतोय म्हणून घाबरून एफ ८ वर गेले असते तर तावदान बारा सेंटिमीटर जाड झालं असतं, डोळे आणि खांदा दोन्ही त्यात मावले असते. पण अपर्चर मिटलं की उजेड कमी येतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि एफ १.८ चं १/२०० एफ ८ ला १/१० होतं. मग मात्र खरोखर हात हलला असता, आणि “बघ, आम्ही म्हणत नव्हतो?” असं ऐकून घ्यावं लागलं असतं.

तर अशी ही दोन दुखणी, दिसायला जुळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधणारं. त्यांच्यावरच्या सोयीही वेगवेगळ्या वेळी आल्या आहेत. १९८५ साली मिनोल्टाने ऑटोफोकसची यंत्रणा बॉडीतच बसवलेला ७००० हा एसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणला आणि फोकस करायचं काम आपण हळूहळू कॅमेऱ्यावर सोपवलं. हात हलण्यावरचा इलाज त्यानंतर दहा वर्षांनी, १९९५ मध्ये. कॅननने एसएलआरसाठी ७५-३०० मिमीची स्टॅबिलायझर असलेली लेन्स आणली ती तेव्हा. स्टॅबिलायझर फोकस सुधारत नाही आणि ऑटोफोकस थरथर थांबवत नाही. दुकानात मात्र दोन्हींचं वर्णन ‘शार्प फोटो येतात’ असंच केलं जातं.

काकांकडे उलटी केसही येऊन गेलीय. पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीत एका मुलाने स्वर्गीय नर्तक टिपला. पांढरी लांब शेपटी, काळं डोकं, पक्षी एकदम मोक्याच्या फांदीवर, आणि फोटो मऊ. या वेळी सगळ्यांचं एकमत होतं, लेन्सचा फोकस मागे-पुढे पडतोय, सर्व्हिस सेंटरला दे. काका म्हणाले, “फांदीवर दवाचे थेंब आहेत ना, ते मोठे करून बघ.” प्रत्येक थेंबाची तिरकी रेघ. पक्ष्याच्या डोळ्यातल्या चमकेचीही तशीच, त्याच कोनातली. झाडीतली सावली, ३०० मिमी लेन्स आणि शटर १/१२५. त्याच दीडपटीच्या हिशेबाने ३०० ची ४५० झाली, म्हणजे निदान १/५०० हवं होतं. लेन्स धडधाकट होती. पुढच्या रविवारी पोराने आयएसओ चढवला आणि काम झालं.

एक तिसरा भिडू मध्येच घुसतो, तो लवकर सांगून टाकते. कॅमेरा स्थिर, फोकस अचूक, पण समोरचंच हलतं. पावसाळ्याच्या शेवटी कासच्या पठारावर ट्रायपॉड लावून सीतेच्या आसवांचे क्लोज-अप काढणाऱ्यांना हा चांगलाच ठाऊक असतो. वाऱ्याने फूल डोलतं, दगड मात्र शार्प. इथे स्टॅबिलायझर काहीच करू शकत नाही. शटर वाढवा नाहीतर वारा पडायची वाट बघा. आणि फोनने काढलेला फोटो सगळीकडून दुधाळ दिसत असेल, दिव्यांभोवती वलयं आली असतील, तर कुठलाही सिद्धांत लावण्याआधी फोनची काच पुसा. कॉलर ट्यून बदलावी तितक्या सहज लोक फोन बदलतात, आणि काचेवर चकलीचं तेल असतं.

माझ्या बाबतीत फोकस खांद्यावर का गेला? कॅमेऱ्याने सगळे फोकस पॉइंट, म्हणजे चौकटीतल्या फोकस धरायच्या जागा, चालू ठेवले होते आणि कुठला वापरायचा ते स्वतःच ठरवलं. ऑटोफोकसला ठळक फरक असलेली जागा आवडते. अंधुक उजेडातल्या मऊ गालापेक्षा लखलखता जरीकाठ त्याला केव्हाही सोपा. काकांनी माझ्याच फोटोवर बोटाने दोन लाल गोल काढून पाठवले, एक काठावर, एक आजीच्या जवळच्या डोळ्यावर. खाली लिहिलं, “कॅमेऱ्याने हे निवडलं. तू हे निवड. एकच पॉइंट ठेव. एफ २.८ वर जा, म्हणजे चारेक सेंटिमीटर मिळतील. शटर १/८० येईल, तुझ्या लेन्सला तेवढं पुरतं.” रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. हाच प्रश्न त्याच महिन्यात आणखी दोघांनी विचारला होता आणि त्यांनाही त्यांनी पहिल्यापासूनच सांगितलं होतं, “वरचे मेसेज वाच” असं न म्हणता.

अशा माणसाचे आभार कसे मानायचे, हा मला पडलेला खरा प्रश्न. हात जोडलेली खूण टाकून बहुतेक जण नाहीसे होतात. त्या पाच जणांनाही मी तशीच खूण टाकली होती, काकांनाही तशीच टाकणार होते. मग वाटलं, डॉक्टरने गोळी दिली आणि पेशंट पुन्हा फिरकलाच नाही, तर निदान बरोबर होतं की नाही हे डॉक्टरला कळणार कसं? म्हणून तुळशीच्या लग्नाला आजीला तिसऱ्यांदा बसवलं. (“आता पणत्या लावायला पगार दे,” ती म्हणाली.) जवळच्या डोळ्यावर पॉइंट ठेवला, दहा-बारा फोटो काढले, त्यातला सर्वांत चांगला निवडला आणि डॉक्युमेंट म्हणूनच काकांना पाठवला. सोबत दिवाळीचा चुकलेला फोटोही, शेजारी ठेवून बघायला.

पाऊण तासाने उत्तर आलं. “आजी सुंदर. डावा डोळा शार्प आहे, उजवा नाही. एफ १.८ च ठेवलंस ना?”

एक्झिफ उघडून पाहिलं. १.८ च होतं.